एस्प्रेसोचा ग्राइंडर बदलायचा की नाही? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी मोजून ठरवायची पद्धत

घरी एस्प्रेसो मशीन आलं की दोन-तीन महिन्यांत हा प्रश्न येतोच. आज शॉट, म्हणजे मशीनमधून काढलेला एस्प्रेसोचा एक कप, छान जमतो, उद्या त्याच कॉफीचा, त्याच हाताने काढलेला शॉट आंबट आणि पाणचट निघतो. कुणालाही विचारा, "ग्राइंडर बदला" हेच उत्तर मिळतं. ते बरेचदा बरोबरही असतं, कारण एस्प्रेसोच्या चवीत मशीनपेक्षा ग्राइंडरचा वाटा मोठा आहे. पण तुमच्या ओट्यावर नेमकं काय बिघडतंय हे न मोजता मोठी रक्कम घातली, तर नवा ग्राइंडर येतो आणि आंबट शॉट तसाच राहतो.

ग्राइंडर बदलावा अशी कारणं तीनच आहेत. तो एस्प्रेसोला लागेल इतकं बारीक दळत नाही. दळण्याची जाडी ठरवणाऱ्या दोन खुणांमधलं अंतर इतकं मोठं आहे की हवी ती जाडी मधेच हुकते. किंवा एकाच खुणेवर दर वेळी वेगळं दळतो. चौथं कारण सोयीचं: आवाज, वेळ, सांडलवंड. तेही कारण आहे, पण त्यासाठी पैसे घालतोय हे स्वतःला माहीत असावं.

खालच्या चाचण्यांना एक रविवार सकाळ आणि साधारण 200 ग्रॅम कॉफी लागते.

1. आधी हे जमवा

- 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा. सोनारी पद्धतीचा स्वस्त डिजिटल काटा पुरतो. स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी.
- मोबाइलमधलं स्टॉपवॉच.
- पाकिटावर रोस्टची तारीख छापलेले बीन्स. तारखेपासून 7 ते 30 दिवसांच्या आतले घ्या. सगळ्या चाचण्या एकाच पाकिटावर करा.
- साध्या तळाचं बास्केट, म्हणजे मशीनमध्ये पूड भरायची छिद्रांची वाटी (पुढच्या मुद्द्यात सविस्तर).
- पूड मोकळी करायला 0.3 ते 0.4 मिलिमीटर जाडीच्या चार-पाच सुया, बुचात खोचलेल्या.
- कोरडा ब्रश, वही-पेन.
- ग्राइंडरचं बिल, वॉरंटी कार्ड आणि सीरियल नंबरचा फोटो. चाचणीत दोष निघाला आणि वॉरंटी शिल्लक असली, तर हे कागद नव्या ग्राइंडरचा खर्च वाचवू शकतात.

2. ग्राइंडरवर आळ घेण्याआधी

बास्केट उजेडासमोर धरा. तळाला शेकडो बारीक छिद्रं दिसली तर ते साधं बास्केट. आतून छिद्रं, पण बाहेरून एकच टाचणीएवढं भोक असेल, तर ते दुहेरी तळाचं, दाबाचं बास्केट. त्यात दाब कॉफीच्या थराने तयार होत नाही, त्या एका भोकाने होतो. म्हणून जाडसर, विकतची दळलेली पूडही त्यात फेसाळ दिसते आणि महागडा ग्राइंडर आणला तरी फारसा फरक कळत नाही. तुमच्याकडे असं बास्केट असेल तर पहिला खर्च साध्या बास्केटवर करा. माप मात्र जपून: डेलाँगी डेडिकाला 51 मिलिमीटर, ब्रेव्हिल बॅम्बिनो आणि बरिस्ता एक्सप्रेसला 54, गॅजिया क्लासिकला 58.

आता बीन्स. रोस्ट होऊन तीन-चार दिवसच झालेल्या कॉफीत वायू भरपूर असतो आणि शॉट धसमुसळा पडतो. दोन-अडीच महिने उघडं राहिलेलं पाकीट याउलट. कितीही बारीक दळलं तरी पाण्याची धार सुटते. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड या चाचणीत चालणार नाही.

पाण्याकडे आपल्या भागात वेगळं लक्ष द्यावं लागतं. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकर येतो, तिथे पाण्याचा कडकपणा आठवड्यागणिक बदलू शकतो. बोअरचं पाणी मिसळत असेल तर मशीनमध्ये क्षार बसतात, प्रवाह मंदावतो, आणि दोष ग्राइंडरवर जातो. उलट आरओचं टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) 20-30 वर उतरलेलं पाणी चव सपाट आणि आंबटसर करतं. टीडीएस 75 ते 250 च्या दरम्यान, शक्यतो 150 च्या आसपास ठेवा. आरओचं आणि उकळून गार केलेलं नळाचं पाणी मिसळूनही तिथे पोचता येतं. चाचणीच्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पाणी वापरा.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईची हवा इतकी ओली असते की हॉपरमध्ये, म्हणजे ग्राइंडरवरच्या बीन्सच्या भांड्यात, उघडे ठेवलेले बीन्स दोन दिवसांत ओलावा धरतात. पुडीच्या गुठळ्या होतात, कालची खूण आज लागू पडत नाही. बिघाड समजून ग्राइंडर बदलण्याचं हे सगळ्यात मोठं चुकीचं कारण आहे. हॉपर रिकामा ठेवा, बीन्स हवाबंद डब्यात ठेवा आणि प्रत्येक वेळी लागतील तेवढेच मोजून टाका. आठ दिवस असं करून मगच पुढे जा.

3. आहे तो ग्राइंडर साफ करून त्याचं शून्य शोधा

प्लग काढा. वरचा बर, म्हणजे दातेरी चकती, मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे सोडवा. ब्रशने दात, खोबण आणि पूड बाहेर पडायची वाट साफ करा. तेलकट, काळ्या रोस्टच्या कॉफीनंतर या वाटेत चिकट थर बसलेला असतो. पाण्याने धुऊ नका. दमट हवेत पोलादी बर रात्रीतून गंज धरतो. कच्चे तांदूळ दळून साफ करायचा सल्ला ऐकाल, तोही टाळा. तांदूळ कॉफीपेक्षा कितीतरी कठीण असतो, घरगुती छोट्या मोटरवर ताण येतो, आणि वॉरंटीवरही प्रश्न येऊ शकतो.

परत बसवताना चकती खोबणीत सपाट बसली का ते बघा. कडेला कॉफीचा एक कण अडकला तरी बर तिरका बसतो, एका बाजूला बारीक, दुसऱ्या बाजूला जाड दळतो. "अचानक बिघडला" म्हणून आलेल्या ग्राइंडरमध्ये हाच कण सापडतो.

मग शून्य, म्हणजे दोन्ही बर एकमेकांना टेकतात ती जागा. हातच्या ग्राइंडरमध्ये बीन्स न घालता आवळत जा. दांडा मोकळा फिरेनासा झाला की ते शून्य. तिथून बाहेरच्या दिशेने खुणा मोजा. इलेक्ट्रिकमध्ये मॅन्युअल परवानगी देत असेल तरच, आणि रिकामा चालू ठेवून, हळूहळू बारीककडे न्या. "चिर्र" असा धातूचा आवाज आला की लगेच मागे फिरवा. शेवटच्या खुणेपर्यंत नेऊनही आवाज आला नाही, तर बर टेकूच नयेत अशी आडकाठी तिथे आहे. हे वहीत लिहा, पुढच्या चाचणीत कामाला येईल.

बर झिजलेत का? जात्याला जशी टाकी लावावी लागायची तशी बरचीही धार जाते, पण घरात त्याला पुष्कळ वर्षं लागतात. रोज 18 ग्रॅमचे दोन शॉट म्हणजे वर्षाला 13 किलो. गर्दीच्या कॅफेत एवढी कॉफी आठवड्याभरात दळली जाते. ग्राइंडर जुना घेतलेला असेल किंवा बीन्समधून खडा गेला असेल तरच झिजेचा संशय घ्या. प्लग काढून दातांच्या कडेवरून नख फिरवा, धार गुळगुळीत लागली किंवा टवका दिसला तर बर बदला. अनेक ग्राइंडरचे बर सुटे मिळतात.

4. तीन चाचण्या

पाया सगळ्यांना एकच: 18 ग्रॅम पूड आत, 36 ग्रॅम कॉफी कपात, पंप सुरू केल्यापासून 25 ते 30 सेकंदांत. 51 मिलिमीटरच्या बास्केटमध्ये 18 ग्रॅम मावत नसतील तर 14 किंवा 15 घ्या आणि कपात त्याच्या दुप्पट. प्रमाण 1:2 राहिलं म्हणजे झालं. मशीन 15-20 मिनिटं तापू द्या. दर शॉटआधी सुयांनी पूड तळापर्यंत मोकळी करा, टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, सपाट दाबा.

*पहिली: बारीकपणा.* शक्य तितक्या बारीक खुणेवर दळा. शॉट गुदमरला, थेंब-थेंब पडला किंवा पडलाच नाही, तर ग्राइंडर पास. सगळ्यात बारीक खुणेवरही 36 ग्रॅम 15-18 सेकंदांत धो-धो येत असतील तर नापास. पण इथेच खरेदीला निघू नका. काही ग्राइंडरमध्ये आत आणखी एक पातळी असते. बरिस्ता एक्सप्रेसमधल्या ग्राइंडरच्या वरच्या बरवर 1 ते 10 आकडे आहेत, कारखान्यातून तो 6 वर येतो. एकेक आकडा कमी करत नेला की बाहेरच्या सगळ्याच खुणा बारीक होतात. काही कंपन्या बरखाली घालायला पातळ चकती देतात, तिला शिम म्हणतात. एवढं करून पुन्हा मोजा.

*दुसरी: पायरी.* ज्या खुणेवर वेळ 25-30 च्या जवळ येते तिच्या एक खूण अलीकडे आणि एक पलीकडे शॉट काढा. 23, 27, 32 असे आकडे आले तर उत्तम. एका खुणेवर 18 आणि पुढच्या खुणेवर 38 आले, तर तुमची कॉफी त्या मधल्या दरीत आहे आणि ग्राइंडरला तिथे थांबताच येत नाही. घरगुती ग्राइंडरचा सगळ्यात खरा आणि सगळ्यात त्रासदायक दोष तो हा. फिल्टर कॉफी, मोका पॉट, फ्रेंच प्रेससाठी बनवलेला चांगला ग्राइंडरही इथे अडतो, कारण त्या कॉफ्यांना खुणेचं एवढं सोयरसुतक नसतं.

यावर तात्पुरता उपाय आहे. जाड खूण ठेवा आणि डोस, म्हणजे पुडीचं वजन, 0.3 ते 0.5 ग्रॅम वाढवा, किंवा बारीक खूण ठेवून तेवढाच कमी करा. दोन सेकंदांची चूक याने भागते, वीस सेकंदांची नाही.

*तिसरी: सातत्य.* एकच खूण, एकच डोस, सलग तीन शॉट, मधे मशीनला सावरायला चार-पाच मिनिटं. तिन्ही वेळा तीन-चार सेकंदांच्या आत असतील तर ग्राइंडर चोख आहे. आठ-दहा सेकंदांचा फरक पडला तर बास्केटमधली वापरलेल्या पुडीची चकती बघा. तिच्यात भोक किंवा कडेला ओली खाच दिसली म्हणजे पाण्याने आडवाट काढली. चूक पूड पसरण्यात आणि दाबण्यात आहे, दळण्यात नाही. चकती एकसंध असूनही वेळ उडत असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. दोन्ही दिवस तेच दिसलं तर दोष ग्राइंडरचा.

याच चाचणीत आत अडकणारी पूडही पकडता येते. इथे एक फसगत आहे. 18.0 टाकले आणि 18.0 बाहेर आले म्हणून आत काही राहत नाही असं समजू नका. कालची दोन ग्रॅम बाहेर येतात, आजची दोन ग्रॅम आत बसतात आणि काटा बरोबर वजन दाखवतो. दळून झालं की ग्राइंडर थांबवा, बाजूने थोपटा, वाट ब्रशने झाडा आणि जे पडेल ते वेगळं तोला. अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर विसरून जा. दोन-तीन ग्रॅम असेल तर रोजचा पहिला शॉट शिळ्या पुडीचा आहे. ती रोज दळून फेकायची ठरवली तर 3 ग्रॅमप्रमाणे वर्षाला 1,095 ग्रॅम होतात. 250 ग्रॅमला 600 रुपये धरले तर साधारण 2,600 रुपये. नव्या ग्राइंडरच्या किमतीसमोर हा आकडा मांडून बघा.

5. निकाल कसा वाचायचा

पहिल्या चाचणीत शिमनंतरही नापास: बदला. दुरुस्ती नाही.

दुसरीत नापास: रोज काळी एस्प्रेसो किंवा अमेरिकानो पीत असाल, किंवा दर पंधरवड्याला नवी कॉफी आणत असाल, तर बदला. महिनोन्महिने एकच मध्यम-गडद कॉफी आणि 150 मिलिलिटर दुधाचा कापुचिनो असेल, तर डोस मागेपुढे करून वर्षभर सहज निभतं. दूध बारीकसारीक दोष झाकतं.

तिसरीत नापास आणि वॉरंटीत: आधी दुरुस्ती. मिक्सरवाला कारागीर प्लग, वायर, स्विच बदलून देईल, पण बर समांतर बसवण्याचं काम त्याच्याकडे देऊ नका.

तिन्हींत पास, तरी चव आवडत नाही: ग्राइंडर जिथे आहे तिथे राहू द्या. बीन्स बदला. चिकमगळूर, कोडगू, अराकूच्या वेगवेगळ्या रोस्टमध्ये जो फरक आहे, तेवढा फरक दोन चांगल्या ग्राइंडरमध्ये नसतो.

6. बदलायचाच तर काय

पहिला निर्णय हात की वीज. एकट्या-दुकट्याचे रोजचे एक-दोन शॉट असतील तर हातचा घ्या, असं माझं ठाम मत आहे. तितक्याच पैशांत हातच्या ग्राइंडरमध्ये बर आणि दांडा यांचा दर्जा कितीतरी वरचा मिळतो, कारण मोटरचे पैसे द्यावे लागत नाहीत. 48 मिलिमीटरच्या बरवर 18 ग्रॅमला साधारण मिनिटभर लागतं, फिक्या रोस्टला जास्त. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला आणखी एक फायदा: घरातले आणि भिंतीपलीकडचे झोपलेलेच राहतात. मनगट किंवा खांदा दुखत असेल, किंवा रोज चार-पाच शॉट लागत असतील, तर मात्र इलेक्ट्रिकच.

हातचा घेताना "एका खुणेला किती मायक्रॉन" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हे विचारा. 1झेडप्रेसो जे-अल्ट्रा 8, किंगग्राइंडर के6 16, कोमांडान्टे सी40 मूळ रूपात 30. एस्प्रेसोला 20 च्या आतला आकडा सोयीचा. शंकूच्या आकाराच्या बरमध्ये ही उभी हालचाल असते, दोन बरमधली फट त्याहून कमी बदलते. त्यामुळे 8 आणि 12 च्या फरकावर रात्र जागवू नका.

इलेक्ट्रिकमध्ये खुणा मोजत बसण्यापेक्षा विनाखुणांचं चाक, म्हणजे स्टेपलेस रचना, शोधा. युरेका मिन्योन आणि डीएफ64 ही त्याची माहितीची उदाहरणं. खुणांचा हवा असेल तर एस्प्रेसोच्या टप्प्यात खुणा दाट आहेत का ते बघा. बराट्झा एन्कोर ईएसपीमध्ये 1 ते 20 हा बारीक टप्पा त्यासाठीच दिला आहे, साध्या एन्कोरमध्ये तो नाही. नावं जवळजवळ सारखी आहेत, ऑर्डर करताना "ईएसपी" वाचून घ्या.

सपाट बर की शंकू, यावर पुष्कळ वाद ऐकाल. सपाटात चवी सुट्या-सुट्या लागतात, शंकूत कॉफी दाट लागते, असा ढोबळ अनुभव आहे. पहिल्या बदलासाठी हा मुद्दा मागे ठेवा.

7. खरेदीतले सापळे

अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवताय? तिथला ग्राइंडर 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. प्रवासात वापरतात तो अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. सरळ लावला तर मोटर जळेल. खालच्या पट्टीवर 220-240 व्होल्ट, 50 हर्ट्झ लिहिलेलं असलं तरच घ्या. हातच्या ग्राइंडरला ही अडचण नाही. कुरियरने परदेशातून मागवलात तर ड्युटी, कर आणि हाताळणीचा आकार धरून किंमत काढा, केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा. परदेशी विक्रेत्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेताना विचारा: दुरुस्ती कुठे होते, पाठवण्याचा खर्च कोणाचा, सुटे बर मिळतात का. दुरुस्ती परगावी असेल तर मूळ खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा.

वापरलेला घेत असाल तर स्टेशनवर उभ्या-उभ्या व्यवहार करू नका. प्लग असेल तिथे भेटा, 50 ग्रॅम बीन्स बरोबर न्या आणि दळून बघा. दांडा हातात धरून डोलतो का, शून्याजवळ पूर्ण फेरीत आवाज सारखा येतो की एकाच बाजूला घासतो, ते ऐका. बिल आणि सीरियल नंबर जुळवा.

घरातलं वायरिंगही बघून घ्या. ग्राइंडर 6 अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालतो. 1,400 वॉटच्या आसपासच्या मशीनला 16 चा सॉकेट द्या, कारण 6 अँपिअरची मर्यादा 1,380 वॉटलाच संपते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

8. नवा आल्यावर पहिले पंधरा दिवस

खोकं उघडतानाच व्हिडिओ काढा. पहिल्या दिवशी जुने, स्वस्त बीन्स 200-300 ग्रॅम दळून कारखान्यातली धूळ-तेल बाहेर काढा आणि साधारण खूण सापडवा. चांगली कॉफी त्यानंतर घाला. नवे बर पहिल्या एक-दोन किलोपर्यंत रुळत असतात, खूण हळूहळू सरकते. तो दोष नाही.

इलेक्ट्रिक ग्राइंडर बंद असताना, आत बीन्स असताना, बारीककडे फिरवू नका, अडकतो. बारीक करायचं ते चालू असताना. जाड कधीही करता येतं. खूण बदलली की 2-4 ग्रॅम दळून बाजूला काढा, नाहीतर जुन्या खुणेची पूड मिसळून आकडे चुकतील. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत तारीख, खूण, डोस, वजन आणि सेकंद लिहा.

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत पूड उडून चिकटत असेल तर दळण्याआधी बीन्सवर पाण्याचा एक थेंब फिरवा. पावसाळ्यात त्याची गरज नसते आणि त्याने गंजाला आमंत्रण मिळतं.

जुना ग्राइंडर या पंधरा दिवसांत विकू नका. नव्यात वाहतुकीतला दोष निघाला तर परत पाठवून येईपर्यंत तोच लागेल. नंतरही तो फ्रेंच प्रेस, मोका पॉट किंवा पितळी फिल्टरसाठी चांगला चालतो, आणि दोन कॉफ्यांसाठी एकाच ग्राइंडरची खूण रोज पुढे-मागे करायची वेळ येत नाही.